पावसाळ्यातला कूलर

आमच्या शहराला एकच शत्रू ठाऊक आहे, तो म्हणजे कोरडा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, खिडकीचे गज हाताला चटका देतात आणि माणूस जराशा ओलाव्यासाठी जीव टाकतो. मग आम्ही काय काय करतो! पडदे भिजवतो, फरशीवर पाणी शिंपडतो, पलंगाच्या कडेला ओली चादर टांगतो आणि खिडकीत तो पत्र्याचा अवजड डबा बसवतो, ज्याला कूलर म्हणतात. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, पाणी वर चढवणारी एक छोटी मोटर आणि मधे पंखा. मे महिन्यात या डब्यासमोर बसलेल्या माणसाला दुसरं काही नको असतं. या सगळ्यावर माझा अजिबात राग नाही. माझा राग आहे जुलैतल्या माणसांवर, जी तोच डबा, तेच पाणी आणि तीच अक्कल वापरत राहतात.

जुलैत हवा आधीच भरलेली असते. घाम येतो, पण सुकत नाही. दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच लागतो. अंगाला चिकचिक, डोक्याला जडपणा, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "लई गदमदतंय." आता गदमदतंय म्हटल्यावर आमच्याकडे हात आपोआप कूलरच्या बटणाकडे जातो. उकाडा म्हणजे उकाडा, त्यात मेचा वेगळा आणि जुलैचा वेगळा असा भेद कुणी करत बसत नाही. पाण्याने भरलेल्या हवेत आणखी पाणी सोडायचं आणि वर म्हणायचं, यंदा कूलरची हवा काही लागेना बुवा. ही समजूत माझ्या आईच्या छातीवर येऊन बसली. नाहीतर मी कशाला कूलरवर लिहायला बसले असते.

माझे आईवडील दोन वर्षांपूर्वी सिल्लोडहून माझ्याकडे राहायला आले. मी इथे एका शाळेत विज्ञान शिकवते. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी शिकायला बाहेर गेली, त्यामुळे दोन बेडरूमचा फ्लॅट मला एकटीला मोठाच होता. वडिलांची, म्हणजे अण्णांची, सिल्लोडला मक्याची आणि कापसाची अडत होती. पुढे दुकान, मागे घर. माय पन्नास वर्षं त्या मागच्या घरात राहिली आणि कापसाची धूळ तिच्या छातीत बसत गेली. पुढे तिला जिना चढता येईना. मग अण्णांनी दुकान पुतण्याकडे सोपवलं आणि मोठ्या दवाखान्यांच्या जवळ असावं म्हणून दोघं इकडे आले.

माय बोलत नाही. म्हणजे तिला बोलता येतं, पण बोलून काही होतं यावर तिचा विश्वास नाही. अण्णांचं उलट. चाळीस वर्षं मार्केट यार्डात आवाज चढवून सौदे केलेला माणूस घरात हळू बोलेल कसा? आणि मी अण्णांचीच मुलगी. त्यामुळे त्या फ्लॅटमध्ये दोन माणसं बोलायची आणि तिसरं श्वास घ्यायचा प्रयत्न करायचं.

पहिल्या पावसाळ्यातच तिची छाती वाजायला लागली. रात्र-दिवस एक बारीक शिट्टी. डॉक्टरांनी पंप दिला, वाफेचं मशीन दिलं, "हवामान बदललंय, जपा" असं सांगितलं. हवामान बदललंय! हे वाक्य मला आजकाल कुणी ऐकवलं की माझं डोकं फिरतं. हवामान आकाशात बदललं असेल, माझ्या बेडरूममध्ये ते आम्ही बदलत होतो. मिठाच्या बरणीत मीठ दगडासारखं झालं होतं. उन्हाळ्यात वाळवलेल्या कुरडया मऊ पडल्या. अण्णांच्या चपलांवर हिरवी बुरशी धरली आणि त्यांनी ती फडक्याने पुसून चपला पुन्हा घातल्या. हे सगळं डोळ्यांसमोर असून मला काही सुचलं नाही. मी डॉक्टर बदलला.

आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरगावच्या माणसाला सांगावी लागते. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. किती दिवसांनी येईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून आम्ही सगळे पाणी साठवतो. ड्रम, पिंपं, बादल्या, पातेली, जे सापडेल त्यात. माझ्या पॅसेजमध्ये तीन निळे ड्रम तोंडापर्यंत भरलेले, त्यांतल्या एकाला झाकण नव्हतं, ते कधीच हरवलं होतं. म्हणजे नळाला पाणी नाही, पण घरात पाणीच पाणी. जे पाणी मिळवायला माणसं टँकरमागे पळतात, ते पाणी आम्ही बादलीने कूलरमध्ये ओतायचो आणि मायच्या अंगावर सोडायचो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी कूलरची मोटर बिघडली. अण्णांनी शहागंजातला एक मिस्त्री बोलावला. त्याने डबा उघडला, जाळ्यांमधलं काळं पडलेलं गवत बोटाने चाचपलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाजी, बरसात में कूलर नै चलाते. खाली पंखा चलाओ, खिड़की खोल के." बस. इतकंच. पावसात पाणी नको, नुसता पंखा, खिडकी उघडून, एवढं साधं वाक्य. मी त्याला चहा विचारला, इतका मला तो माणूस आवडला.

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "त्याला काम करायचा कंटाळा. दुसरा बघू."

दुसऱ्या मिस्त्रीने मुकाट्याने मोटर बदलून दिली.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचार केला, आणि मला माझी लाज वाटली. मी दहावीच्या मुलांना आर्द्रता शिकवते. दवबिंदू शिकवते. थंड पेल्याच्या बाहेर पाण्याचे थेंब का जमतात, हे मी दरवर्षी टेबलावर पेला ठेवून दाखवते आणि उत्तर चुकलं की पोरांना रागावते. आणि माझ्याच घरात! मी ऑनलाइन एक छोटं मीटर मागवलं, हवेतला ओलावा दाखवणारं. पेटी उघडून ते मायच्या उशाशी ठेवलं.

"हे काय आणलंस?" अण्णा म्हणाले.

"ओलावा मोजायचं मीटर."

"हवेला मोजून काय करतीस? हवा काय विकायचीय व्हय?"

"ब्याऐंशी दाखवतंय, अण्णा. साठच्या आत पाहिजे."

"कुणाला पाहिजे?"

"मायच्या छातीला."

"तिच्या छातीला गार हवा पाहिजे. मी पन्नास वर्षं बघतोय तिला. तू आता आलीस मीटर घेऊन."

गंमत म्हणजे, ओलावा ओळखणं हा या माणसाचा धंदा होता. मक्याचं पोतं उघडलं की ते एक दाणा उचलून दाढेखाली धरायचे. दाणा कट्कन फुटला तर माल सुका, दबला तर ओला. यार्डात ओलावा मोजायचं मशीन आलं तेव्हा लोक मुद्दाम अण्णांना दाणा चावायला लावायचे आणि मग मशीनचा आकडा बघायचे. फार फरक पडत नसे, आणि पडलाच तर अण्णा मशीनला दोष द्यायचे. ओला मका गोदामात शिरला तर आठ दिवसांत पोत्याला आतून गरमी सुटते, बुरशी लागते, पोत्यांची सगळी थप्पी वाया जाते, हे त्यांनी मला मी शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. एका दाण्याचा ओलावा ज्याला कळतो, त्याला एका खोलीचा कळू नये? मी हे त्यांना सरळ तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "दाणा म्हणजे दाणा, माणूस म्हणजे माणूस. माणसाला ओल लागती."

मग मी कूलरची मोटर काढली. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, मागचं झाकण उघडलं, मोटर उपसली आणि माझ्या कपाटात कुलपात ठेवली. नुसता पंखा फिरू दे म्हटलं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्यांना जेवायला बोलावलंही नाही. इतका राग माझ्या अंगात होता की मला तो बरा वाटायला लागला होता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी शाळेतून दुपारी लवकर घरी आले. कसली तरी अर्धी सुट्टी होती. दार उघडलं तर मायच्या खोलीतून कूलरच्या पंख्याचा घरघराट. आत गेले. माय पलंगाच्या कडेवर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान पुढे, आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर ओढले जात होते. ओठांचा रंग मला आवडला नाही. गॅलरीच्या बाजूने पाण्याचा आवाज येत होता. अण्णा तिथे उभे होते, हातात तांब्या, शेजारी बादली. मोटर नव्हती म्हणून ते एक-एक तांब्या हाताने जाळ्यांवर ओतत होते. किती वेळ ओतत होते कोण जाणे, त्यांची बंडी पोटापर्यंत भिजली होती. मला बघून ते चोरी पकडली गेल्यासारखे हसले आणि म्हणाले, "बघ की, किती गार वाटतंय तिला. मघाधरनं गप बसलीय."

गप बसलीय! तिला बोलायला श्वास पुरत नव्हता.

रिक्षा, दवाखाना, तोंडावर मास्क, हातात सुई. डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला दोघांना उभं करून म्हणाले की या छातीला ओल चालणार नाही, घरात बुरशी-ओल असेल तर ती आधी काढा, कारण असाच दुसरा झटका आला तर त्या यातून बाहेर येतील असं मी सांगणार नाही. ते निघून गेले. मी अण्णांकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही मारून टाकाल तिला." आजूबाजूला माणसं होती. मी आवाज कमी केला नाही. अण्णांनी खाली बघितलं. त्यांच्या बंडीचा पुढचा भाग अजून ओलाच होता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, एकदा ऐकवलं.

माय चार दिवस दवाखान्यात होती. तेवढ्यात मी घर सुधारायला घेतलं. सुधारायला हा शब्द मी तेव्हा वापरायचे, शेजाऱ्यांशी बोलताना, शाळेतल्या बायकांशी बोलताना. कूलर भंगारवाल्याला दिला. तो जिन्यातून खाली नेताना त्याचा पत्रा भिंतीला घासत गेला आणि मला अगदी गार वाटलं. ड्रमना झाकणं आणली. छोट्या खोलीत एसी बसवला, कारण छोटी खोली लवकर कोरडी होईल. मायला तिथे हलवायचं ठरवलं. खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, कारण बाहेरची ओली हवा आत यायला नको. मायचं लोखंडी कपाटही तिच्या सोयीसाठी त्याच खोलीत आणलं आणि जागा वाचावी म्हणून बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला अगदी चिकटवून लावलं.

अण्णा दारात उभे राहून बघत होते. दवाखान्यातल्या त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. कपाट सरकवणारी माणसं गेल्यावर ते म्हणाले, "बाई, भिंतीपासून हातभर सोड."

"कशाला?"

"थप्पी भिंतीला टेकवत नसतेत. मागनं हवा पाहिजे."

"हे गोदाम नाही, अण्णा."

"बरं," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

माय घरी आली. एसी सुरू झाला. मीटरवर पंचावन्न. मी तो आकडा तिला दाखवला, अण्णांना दाखवला, कामवाल्या मावशींना दाखवला, फोटो काढून मुलीला पाठवला. मायने हात जोडल्यासारखं करून मीटरकडे बघितलं, कारण मी इतकी खूश होते. पहिले आठ-दहा दिवस चांगले गेले. शिट्टी कमी झाली. ती उठून स्वयंपाकघरापर्यंत यायला लागली. मी जिंकले होते, आणि जिंकलेलं माणूस जसं वागतं तसं मी वागत होते.

मग शिट्टी परत आली. आधी पहाटे, मग दिवसभर. मीटर मात्र पंचावन्नच दाखवत होतं. आता हा आकडा बरोबर असेल तर चूक कुणाची? अण्णांची, दुसरं कोण? मी शोधायला लागले, आणि शोधलं की सापडतंच. अण्णा कडक पाण्याने आंघोळ करून बाथरूमचं दार सताड उघडं ठेवतात. अण्णांचा ओला पंचा मायच्या पलंगाच्या कठड्यावर. अण्णा एसी बंद करतात, कारण तिचे पाय गार पडलेत म्हणे. एकेक गोष्ट पकडायची आणि त्यावरून तोंड सोडायचं. तेही काही ऐकून घेणारे नव्हते. "तुझा एसी आल्यापासनंच बिघडलीय ती," ते म्हणायचे. "कोंडून टाकलंस तिला. गुराला बी असं कोंडत नाय कुणी." मी म्हणायचे की तुम्ही पन्नास वर्षं कापसाच्या धुळीत कोंडलं होतं त्याचं काय. ते म्हणायचे की त्याच धुळीतून तुझी शिक्षणं झाली. आणि हे सगळं तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून. ती मधे, हातात पंप.

एकदा दुपारी तिने कपाटातून एक लुगडं काढायला सांगितलं. तिच्या लग्नातलं नव्हे, साधंच, पण तिचं आवडतं, जांभळ्या रंगाचं. मी घडी उचलली आणि नाकात कुबट वास घुसला. घडीच्या मागच्या बाजूला काळे ठिपके, बोट लावलं की पसरणारे. खालचं लुगडं तसंच. त्याखालचं आणखी वाईट. मी सगळे कपडे बाहेर ओढले आणि आतला पत्रा चाचपला. मागची बाजू बर्फासारखी गार आणि ओली होती.

"अण्णा," मी हाक मारली, "जरा हात लावा."

दोघांनी मिळून कपाट ओढलं. मागची भिंत पूर्ण काळी होती. कपाटाच्या उंचीइतका, कपाटाच्या रुंदीइतका एक काळा चौकोन, त्यावर मऊसर लव, आणि खाली प्लास्टर फुगून सुटलेलं. बाथरूमकडून भिंतीत झिरपणारं पाणी, इकडून एसीचा गारवा, आणि मधे हवेला बोटभरही जागा नाही. माझा पेला, माझे थेंब, माझा दवबिंदू. मीटर मी एसीच्या समोरच्या स्टुलावर ठेवलं होतं, जिथली हवा सगळ्यात कोरडी. मायचं उशीवरचं डोकं त्या काळ्या भिंतीपासून दोन हातांवर होतं. दीड महिना ती ते नाकाने ओढत होती, आणि मी रोज तिला आकडा दाखवत होते.

अण्णांनी नखाने भिंत खरवडली, बोट नाकाशी नेलं, वास घेतला. यार्डात पोत्याचा घ्यायचे तसाच. "लई दिवसांचं हाय," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. मी वाट बघत होते की आता ते म्हणतील, सांगितलं होतं. हातभर सोड म्हटलं होतं. त्यांनी म्हणायलाच हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर दहा वेळा म्हणाले असते. ते गप्प राहिले आणि मला त्याचाही राग आला, कारण ते बोलले असते तर मला उलट बोलता आलं असतं. बिल्डरने बाथरूमच्या पाइपांचं काम नीट केलं नाही, हे मी मोठ्याने म्हणून बघितलं. ते खरंही होतं. पण ते कुणी ऐकत नव्हतं, मीसुद्धा नाही.

आम्ही मायला धरून हॉलमध्ये आणलं आणि खिडकीजवळच्या दिवाणावर बसवलं. दोन दिवस उघडीप होती, बाहेर बरा वारा सुटला होता. हॉलची मोठी खिडकी उघडी होती, पंखा फिरत होता, गॅलरीचं दार उघडं होतं. तिचा श्वास हळूहळू सावकाश होत गेला. कोणतंच यंत्र चालू नव्हतं. तासाभराने तिने पाणी मागितलं आणि एका दमात अर्धा पेला प्यायली.

आता गप्प बसायचं की नाही? पण आम्ही दोघं गप्प बसणारी माणसं नव्हेत. भिंत आता कोण खरवडणार यावरून विषय निघाला. मी म्हणाले उद्याच माणूस बोलावते. अण्णा म्हणाले आधी बाथरूमचा पाइप बघायला पाहिजे, नाहीतर रंग लावून काय उपयोग. मी म्हणाले मला कळतं. ते म्हणाले, "तुला सगळंच कळतं, म्हणून तर ही दशा झाली." शेवटी आलंच ते. मला जवळजवळ बरं वाटलं. मी म्हणाले, "आणि तांब्याने पाणी कोण ओतत होतं?" आवाज चढला. माझाही, त्यांचाही.

मी उठले आणि खिडकीकडे गेले. याचं कारण मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. सिल्लोडच्या आमच्या घरात पुढे दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाईक, हमाल, शेतकरी बसलेले. मागच्या घरात आवाज चढायचा असला की आधी मधलं दार लावायचं, ही रीत. घरातलं बाहेर जाता कामा नये. भांडणाचं पहिलं वाक्य निघालं की कुणीतरी दाराकडे हात नेई, आणि मग मोकळेपणाने भांडण होई. फ्लॅटमध्ये मधलं दार नव्हतं, खिडक्या होत्या. समोरच्या इमारतीतल्या बाईंची गॅलरी अगदी तोंडासमोर. नेहमीसारखी मी खिडकीची काच लावायला सरकवली. अण्णा गॅलरीचं दार लावायला निघाले होते.

"राहू दे उघडी," माय म्हणाली.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"राहू दे म्हटलं ना!" ती ओरडली. माझ्या आठवणीत तिने कधी इतक्या मोठ्याने काही म्हटलेलं नाही. आवाज फाटका होता, मधे श्वास घ्यायला थांबावं लागत होतं, पण ती बोलायची थांबली नाही. "दोन पावसाळे बघतेय मी. तुम्ही दोघं तोंड उघडायच्या आधी खिडक्या लावता. हिकडची लावता, तिकडची लावता, दार लावता. आन मग तासभर माझ्यावरनं भांडता. माझ्या छातीवरनं! मी आत घुसमटते, जीव वर येतो, आन तुम्ही म्हणता, कूलरनं झालं. म्हणता, एसीनं झालं."

"माय, तू सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले.

"कुणाला सांगू? खिडकी उघडा म्हटलं असतं तर त्यावरनं भांडला असतात."

अण्णा म्हणाले, "हळू बोल. लोक ऐकतेत."

"ऐकू द्या!" ती म्हणाली. दिवाणाची कड तिने घट्ट धरली होती. "सिल्लोडला बी हेच. पन्नास वर्षं दार लावून. कापूस होता म्हणता, धूळ होती म्हणता. दार लावल्यावर ती धूळ कुठं जात होती, हे एकाला बी सुचलं नाय. मला श्वास पाहिजे. तुमची अब्रू तुमच्यापाशी ठेवा."

मग ती दमली आणि थांबली, पण राग उतरला नव्हता. ती एकदा अण्णांकडे, एकदा माझ्याकडे अशी बघत होती, आणि तिची छाती वर-खाली होत होती. समोरच्या बाई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढता काढता थांबल्या होत्या, हातात एक उशीची खोळ. त्या सगळं ऐकत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना. माझा हात अजून काचेवर होता. मी काच मागे सरकवली, पूर्ण, खाचेच्या टोकापर्यंत. अण्णा गॅलरीच्या दारापाशी तसेच उभे होते. त्यांनी दार लावलं नाही.